डॉक्टर येण्याआधीचा तास

पॅरासिटामॉलची एक गोळी. अंग दुखतंय किंवा ताप आहे म्हणून रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आलेल्या माणसाला ती मिळायला किती वेळ लागावा?

कॅनडातल्या एडमंटन शहराच्या मध्यवस्तीत रॉयल अलेक्झांड्रा हे मोठं, कायम भरलेलं रुग्णालय आहे. तिथे मॅथ्यू डौमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. डौमा स्वतः नर्स आहेत. काही रुग्णांच्या बाबतीत सगळं नेहमीसारखंच ठेवलं होतं: आधी नोंद, मग थांबणं, मग डॉक्टर, आणि डॉक्टरांनी लिहून दिल्यावर औषध. बाकीच्यांसाठी नर्सच्या हाती एक लेखी पद्धत दिली होती. रुग्णाला अमुक त्रास असेल आणि तमुक धोका नसेल, तर गोळी तुम्हीच द्या, डॉक्टरांची वाट पाहू नका, असं त्या कागदावर होतं. कोणता रुग्ण कोणत्या मार्गाने जाणार हे संगणक ठरवायचा, म्हणजे कुणाच्या मर्जीचा प्रश्नच नव्हता. दोन्ही गटांतल्या मधल्या रुग्णाचा आकडा धरला, तर नर्सच्या हातून गोळी 186 मिनिटं आधी मिळाली.

तीन तास आणि वर सहा मिनिटं! औषध तेच, माणसं तीच, इमारत तीच. एकही खाट वाढवली नव्हती, एकही यंत्र आणलं नव्हतं. बदलला होता तो फक्त घटनांचा क्रम.

त्या अभ्यासात अशा सहा पद्धती होत्या. हृदयविकाराचा संशय असलेल्या छातीच्या दुखण्यात हृदयाला इजा झालीय का ते सांगणारी ट्रोपोनिनची रक्ततपासणी 79 मिनिटं आधी झाली. गरोदरपणात रक्तस्राव होत असलेल्या बाईचा विभागातला एकूण मुक्काम 232 मिनिटांनी, म्हणजे जवळजवळ चार तासांनी घटला. हा शेवटचा आकडा वाचून मी बराच वेळ थांबलो. रक्तस्राव होतोय, बाळाचं काय झालं असेल ते कळत नाही, आणि आपण एका खुर्चीत बसून आहोत, अशा चार तासांचं ओझं मिनिटांत मोजता येणारच नाही. पण ते काढून टाकता येतं, आणि ते एका कागदाने निघालं.

हे कसं होतं ते समजायला तातडीच्या विभागातला वेळ उलगडून पाहावा लागतो. माणूस तिथे पाच तास असतो तेव्हा पाच तास त्याच्यावर उपचार चालू नसतात. त्यातला मोठा भाग नुसत्या थांबण्याचा असतो. आधी डॉक्टरांसाठी थांबायचं. ते येतात, दोन-चार मिनिटांत तपासतात आणि रक्त, लघवी, एक्स-रे, सोनोग्राफी लिहून देतात. मग रक्त घेणाऱ्यासाठी थांबायचं, प्रयोगशाळेसाठी थांबायचं, आणि अहवाल हाती आला की पुन्हा डॉक्टरांसाठी थांबायचं. ही थांबणी एकामागून एक लावलेली असतात. कुकर लावून मग भाजी चिरायला घ्यावी हे ज्या स्वयंपाकघरात कुणाला शिकवावं लागत नाही, त्याच घरातला माणूस रुग्णालयात गेला की भाजी चिरून संपेपर्यंत कुकर गॅसवर चढतच नाही.

नर्सच्या पद्धती नेमकं इथे बोट ठेवतात. गरोदर बाईला रक्तस्राव होत असेल तर तिचा रक्तगट लागणार, गरोदरपणाचं संप्रेरक मोजावं लागणार, सोनोग्राफी लागणार. हे ठरवायला त्या दिवशीच्या डॉक्टरांची वेगळी बुद्धी लागत नाही. ते दर वेळी तेच लिहितात. मग ते दारातच का सुरू होऊ नये? रक्त प्रयोगशाळेत असताना रुग्ण डॉक्टरांची वाट पाहील, आणि डॉक्टर येतील तेव्हा त्यांच्या हातात उत्तर असेल. प्रतीक्षा उरतेच, पण आता तिच्या पोटात काम चाललेलं असतं.

एका रुग्णाचा तास वाचला तर विभागाला काय मिळतं? याचं उत्तर गणितात आहे, आणि ते फार सुंदर आहे. 1961 साली अमेरिकेत जॉन लिटल यांनी रांगांबद्दलचा एक नियम सिद्ध केला. एखाद्या ठिकाणी सरासरी किती माणसं असतील? दर तासाला येणारी माणसं गुणिले प्रत्येकाचा तिथला सरासरी मुक्काम. बस, एवढंच. माणसं सारख्या अंतराने येतात की झुंडीने, आधी कुणाला घेतात, कुणाला किती वेळ लागतो, यातल्या कशानेही नियम मोडत नाही. तासाला 10 रुग्ण येत असतील आणि प्रत्येक जण 5 तास राहत असेल, तर विभागात सरासरी 50 माणसं असणार. मुक्काम 4 तासांवर आणा, ती 40 होतात. दहा खाटांची जागा भिंत न पाडता मोकळी झाली.

याहून थक्क करणारी गोष्ट गर्दीच्या टोकाला घडते. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एरलांग यांनी 1909 पासून फोनच्या ताटकळणाऱ्या कॉलवर जे गणित मांडलं, त्यातून रांगांचं सगळं शास्त्र उभं राहिलं. त्यातलं सगळ्यात साधं उदाहरण घेऊ. सेवा देणारा एक जण, माणसं अवचित येणारी, प्रत्येकाला लागणारा वेळही कमीजास्त. सेवा देणारा निम्मा वेळ कामात असेल, तर येणाऱ्याला सरासरी एका माणसाच्या कामाइतकं थांबावं लागतं. तो 80 टक्के वेळ कामात असेल तर चार माणसांइतकं, 90 टक्के असेल तर नऊ आणि 95 टक्के असेल तर एकोणीस. काम 90 वरून 95 वर गेलं, म्हणजे जेमतेम वाढलं, पण प्रतीक्षा दुपटीहून पुढे गेली. रोज ठीक चाललेला विभाग सोमवारी संध्याकाळी एकदम कोसळल्यासारखा का वाटतो, ते इथे कळतं. त्या दिवशी कुणी आळस केलेला नसतो. विभाग त्या वक्राच्या उभ्या चढावर पोचलेला असतो. आणि हाच वक्र उलट्या दिशेनेही तितकाच उदार आहे. त्या टोकाला डॉक्टरांचं थोडंसं काम हलकं झालं, की रांग भराभर आटते.

पण नर्सने डॉक्टरांच्या लेखी आदेशाविना रक्त काढायचं, औषध द्यायचं, हे चालतं कसं? कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात याला मेडिकल डिरेक्टिव्ह म्हणतात, आणि त्याची घडण मोठी विचारपूर्वक केलेली आहे. आदेश डॉक्टरांचाच असतो. फक्त तो रुग्ण दारात येण्याआधीच दिलेला असतो. कोणत्या रुग्णाला तो लागू, कोणाला नाही, कोणती नर्स तो वापरू शकते, तिने त्यासाठी कोणतं प्रशिक्षण घेतलेलं असावं, कोणतं लक्षण दिसताच कागद बाजूला ठेवून डॉक्टरांना हाक मारायची, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं, आणि खाली जबाबदार डॉक्टरांच्या सह्या असतात. म्हणजे एक डॉक्टर शांतपणे, टेबलाशी बसून, अजून जन्मालाही न आलेल्या एका घटनेसाठी निर्णय देऊन ठेवतो.

असा निर्णय लिहायचा तर तो आधी कुणीतरी शोधून काढावा लागतो, आणि या शोधाची गोष्ट ओटावाची आहे. तिथले तातडीच्या उपचारांचे डॉक्टर इयान स्टील यांनी घोट्यापासून सुरुवात केली. पाय मुरगळून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाचा एक्स-रे निघायचा, आणि त्यांतल्या 15 टक्क्यांहून कमी जणांचं हाड मोडलेलं असायचं. 1992 साली स्टील यांच्या चमूने ओटावाचे घोट्याचे नियम प्रसिद्ध केले. घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर, टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत दाबून पाहा. दुखतं का? दुखापत झाली तेव्हा आणि आत्ता इथेही, रुग्ण चार पावलं टाकू शकत नाही, असं आहे का? दोन्हींचं उत्तर नाही असेल तर घोट्याचा एक्स-रे नको. पावलासाठी आणखी दोन जागा दाबायच्या. हाड मोडलेलं असताना या नियमांतून ते निसटणं फार दुर्मीळ, हे पुढे अनेक देशांत पुन्हा पुन्हा तपासलं गेलं. अंगठ्याचा दाब आणि चार पावलं, एवढंच साधन.

घोटा चुकला तर लंगडत परत येता येतं. मान चुकली तर हात-पाय जातात. म्हणून स्टील मानेकडे वळले तेव्हा डाव केवढा मोठा होता ते लक्षात घ्यायला हवं. अपघातातून आलेल्या माणसाच्या मानेला तेव्हा ॲम्ब्युलन्समध्येच कडक कॉलर बसवत आणि त्याला फळीवर जखडत. रुग्णालयात डॉक्टर येऊन काढा म्हणेपर्यंत तो छताकडे बघत पडून राहायचा. शुद्धीत असलेल्या, बाकी स्थिर असलेल्या अशा रुग्णांपैकी शंभरात एखाद-दोघांच्याच मानेला खरी गंभीर इजा असते. बाकीचे सगळे त्या एकासाठी बांधलेले असत. स्टील यांच्या चमूने कॅनडाच्या 10 रुग्णालयांतल्या 8,924 रुग्णांची माहिती गोळा केली. एक्स-रे काढण्याआधीच डॉक्टरांनी ठरलेली 20 निरीक्षणं कागदावर भरायची, असा दंडक होता. मग त्यातलं काय खरोखर इजा सांगतं आणि काय नुसता गोंगाट आहे, ते संख्याशास्त्राने गाळून घेतलं. 2001 साली बाहेर आलेला मानेचा कॅनेडियन नियम तीन पायऱ्यांत मावतो.

पहिल्या पायरीवर धोका बघायचा. वय 65 किंवा जास्त आहे का, अपघात भयंकर होता का, हातापायांत मुंग्या येताहेत का. भयंकर म्हणजे काय तेही सांगितलेलं आहे: तीन फूट किंवा पाच पायऱ्या किंवा त्याहून उंचावरून पडणं, डोक्यावर आपटणं, गाडी उलटणं, गाडीबाहेर फेकलं जाणं, सायकलची धडक, वगैरे. या तिन्हींतलं एक जरी असेल तर एक्स-रे ठरलेला. नसेल तर दुसरी पायरी: मान हलवून बघणं सुरक्षित आहे असं सांगणारी एखादी तरी खूण आहे का? साधी मागून बसलेली धडक, रुग्ण बसून आहे, अपघातानंतर कधीतरी चालला आहे, मान लगेच न दुखता उशिरा दुखू लागली, किंवा मानेच्या मागे मधोमध मणक्यांवर दाबलं तर दुखत नाही, यातली एक पुरे. मग तिसरी पायरी, आणि मला ती सगळ्यात धाडसी वाटते. रुग्णाला म्हणायचं, मान डावीकडे वळवा, आता उजवीकडे. दोन्ही बाजूंना 45 अंश स्वतःहून वळली, तर कॉलर काढा.

हा नियम डॉक्टरांसाठी होता. पण रुग्णाला पहिली भेटते ती ट्रायाजची, म्हणजे कुणाला आधी घ्यायचं ते दारात ठरवणारी नर्स. ती तो वापरू शकेल का? सहा रुग्णालयांतल्या 191 नर्सना शिकवलं गेलं आणि त्यांनी 3,633 रुग्ण तपासले. 2010 साली आलेल्या या अभ्यासातली जी गोष्ट मला विश्वास देते, ती यशाची नाही. सुरुवातीच्या काळात नर्सच्या नजरेतून इजा झालेले चार रुग्ण निसटले. धोक्याच्या खुणा त्यांच्यात ठळक होत्या, नियम बरोबर होता, तो लावण्यात गफलत झाली. या टप्प्यावर नर्स तपासून झालं की कॉलर पुन्हा बसवत होत्या, ती कायमची काढली असती की नाही एवढंच लिहीत होत्या, त्यामुळे कुणाचंही नुकसान झालं नाही. मग प्रशिक्षण पुन्हा झालं, आणि त्यानंतर एकही निसटला नाही. चूक होऊ शकते हे धरून, चुकीला जागा ठेवून केलेला प्रयोग असा असतो. त्यानंतरच, ऑन्टारिओच्या नऊ रुग्णालयांत, नर्सना खरोखर कॉलर काढायची मुभा मिळाली. 2018 साली निकाल आले: पात्र रुग्णांतल्या 41 टक्क्यांच्या कॉलर नर्सनी काढल्या, ते सुमारे चौथ्या हिश्श्याने लवकर घरी गेले, आणि मानेची एकही इजा नजरेतून सुटली नाही. आधी नर्सच्या हातून निघणाऱ्या कॉलरींचं प्रमाण शून्य होतं.

यातून सगळी गर्दी हटेल असं मात्र मुळीच नाही, आणि तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. अमेरिकेतले डॉक्टर ब्रेंट ॲस्प्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 साली गर्दीचे तीन भाग वेगळे करून दाखवले: आत येणारी माणसं, आत चालणारं काम, आणि बाहेर जाण्याची वाट. नर्सच्या पद्धती मधल्या भागावर चालतात. वॉर्डात भरती व्हायचे रुग्ण खाट मिळत नाही म्हणून तातडीच्या विभागातच पडून असतील, तर दारात कितीही लवकर रक्त घेतलं तरी पुढचं दार बंदच असतं. त्याचा उपाय वॉर्डांत, घरी सोडण्याच्या वेळांत आणि खाटांच्या संख्येत शोधावा लागतो, त्याचा भार नर्सच्या खांद्यावर टाकणं अन्याय आहे. दुसरा धोका उगाच केलेल्या तपासण्यांचा. दारातच भराभर रक्त काढायची सवय लागली, तर ज्यांना गरज नव्हती त्यांचंही निघतं. म्हणूनच पद्धत नेमक्या तक्रारीपुरती, काटेकोर लिहिलेली हवी. एडमंटनच्या अभ्यासातही फायदा सगळ्या पद्धतींत सारखा नव्हता.

श्रीमंत देशांचीच ही चैन आहे, असंही नाही. दक्षिण आफ्रिकेत, जिथे डॉक्टर थोडे आणि जखमी पुष्कळ, 2004 साली केपटाउनमध्ये डॉक्टर, नर्स आणि ॲम्ब्युलन्सच्या लोकांचा एक गट जमला. त्यांनी घडवलेल्या पद्धतीत नर्स श्वास, नाडी, रक्तदाब, तापमान, शुद्ध, रुग्ण चालतोय की उचलून आणलाय, आणि मार लागलाय का, एवढं बघते, प्रत्येकाला गुण देते, बेरीज करते. मग बेरीज आणि काही ठरावीक धोक्याची लक्षणं मिळून रंग ठरतो: लाल म्हणजे आत्ता, नारिंगी म्हणजे दहा मिनिटांत, पिवळा तासाभरात, हिरवा चार तासांत. हे काम कमी शिक्षण झालेल्या साहाय्यक नर्सनाही जमावं असंच ते रचलं होतं. पुढे डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेने तीच पद्धत अफगाणिस्तान आणि हैतीतल्या आपल्या रुग्णालयांत नेली.

आणि याच विचाराची सगळ्यात धीट आवृत्ती आपल्या गडचिरोलीत घडली आहे. ती तातडीच्या विभागाची गोष्ट नाही, कारण तिथे विभागच नव्हता. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 39 गावांत थोडं शिकलेल्या गावच्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. न्यूमोनिया ओळखायला बाळाचे श्वास मोजावे लागतात, आणि मोजता न येणाऱ्या दाईंसाठी त्यांनी मणी सरकवायचं एक साधन आणि एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ जोडून दिलं होतं. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झालाय का, हे ठरावीक लक्षणांवरून ओळखून शिकवलेल्या त्या बायका, म्हणजे आरोग्यदूत, घरी जेन्टामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन देत. 1999 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या त्या अभ्यासात तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी घटलं होतं. 2011 साली घरोघरी नवजात बाळाच्या काळजीचा कार्यक्रम आशा कार्यकर्त्यांच्या मार्फत देशभर सुरू झाला. ओटावा आणि गडचिरोली यांच्यात काय साम्य, असं वाटेल. दोन्हीकडे कुणीतरी वर्षानुवर्षं खपून डॉक्टरांच्या डोक्यातला निर्णय बाहेर काढला, त्याला इतकं लहान केलं की तो रुग्णाच्या सगळ्यात जवळ उभ्या असलेल्या माणसाला पेलेल, आणि मग तो खरंच पेलतो का, हे मोजून पाहिलं.

आपल्या कॅज्युअल्टीत हे कुठून सुरू करावं असं मला कुणी विचारलं, तर मी छातीच्या दुखण्याचं नाव घेईन. रुग्ण पोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी निघून डॉक्टरांनी तो पाहिलेला असावा, असं जगभरच्या हृदयरोगाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. ईसीजी काढायला औषध लागत नाही, सुई टोचावी लागत नाही, आणि ज्याला त्याची गरज नव्हती त्याचाही काढला तर इजा होत नाही. केसपेपर निघायची वाट न बघता, डॉक्टर दुसऱ्या खाटेपाशी असले तरी, सिस्टरने तो काढायचा आणि पट्टी थेट त्यांच्या हातात द्यायची. तिशीपुढच्या कुणाच्याही छातीत, जबड्यात, डाव्या हातात दुखत असेल, दम लागून घाम सुटला असेल, तर विचारायचं नाही, काढायचा. एवढं लिहायला दोन पानं पुरतील. खाली विभागप्रमुखांची आणि मेट्रनची सही, यंत्राची जागा दारापाशी, आणि पहिले काही महिने प्रत्येक ईसीजीवर दोन वेळा लिहायच्या: रुग्ण आला ती आणि पट्टी निघाली ती.